चवीपुरते मीठ, पण कोणाच्या चवीपुरते?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या 'एम्स'मधील उपाहारगृहात समोसा आणि जिलबी यांच्या शेजारी इशाऱ्याचे फलक लागणार, अशी बातमी आली आणि दोन-तीन दिवस देशभर एकच हलकल्लोळ उडाला. सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्याशी जिलबीची तुलना झाली. हा भारतीय खाद्यसंस्कृतीवरचा घाला आहे, असे म्हणणारे पुढे सरसावले. उशिरा का होईना, सरकारला जाग आली, असे म्हणणारेही निघाले. अखेर १५ जुलै रोजी केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. कोणत्याही विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा लावण्याचा आदेश निघालेला नाही, कार्यालयांतून तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे माहितीफलक लावावेत एवढीच सूचना आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. समोसा सुटला, जिलबी सुटली, वाद शमला.

त्या गोंधळात एक साधी गोष्ट बाजूलाच राहिली. जिलबी गोड आहे हे कोणालाही फलक लावून सांगावे लागत नाही. तिने आपली साखर कधी लपवलेली नाही, लोणच्याने आपले मीठ लपवलेले नाही. खाणारा ते जाणून खातो आणि बहुधा हात राखून खातो. खरा प्रश्न आहे तो दुसऱ्याच पदार्थांचा. खाताना जे विशेष खारट किंवा गोड वाटत नाहीत, पण ज्यांतले मीठ वा साखर काढून घेतली तर घास तोंडात धरवणार नाही, असे हे पदार्थ आहेत. पाव, बिस्किटे, कॉर्नफ्लेक्स, टोमॅटो सॉस, झटपट नूडल्स, दुधात घालायच्या चॉकलेटी पुडी आणि तान्ह्या मुलांची तयार पेजही याच यादीत येते. शहरी घरांतील सकाळचा नाश्ता आणि मुलांचा मधल्या सुट्टीचा डबा आज मोठ्या प्रमाणावर याच यादीवर चालतो.

हे पदार्थ अळणी कसे लागतात, याचा अनुभव सहसा कोणाला येत नाही, कारण ते त्या रूपात विकलेच जात नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार मायकल मॉस यांना मात्र तो आला. मिठावरील नियंत्रणाला अमेरिकी खाद्य उद्योग एवढा विरोध का करतो, हे समजून घेण्यासाठी ते केलॉग कंपनीत गेले. तेथे कंपनीने आपलीच काही लोकप्रिय उत्पादने मिठाविना तयार करून त्यांच्यापुढे ठेवली. एरवी कुरकुरीत लागणारी चीजची बिस्किटे टाळूला चिकटू लागली, वॅफल गवताच्या काडीसारखे लागले आणि कॉर्नफ्लेक्सला चक्क धातूची चव आली. २०१० मधील त्यांच्या वृत्तलेखात आणि पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा प्रसंग आला आहे. मिठाविना आमचा माल खपणार नाही, हे दाखवण्यासाठी कंपनीने हा प्रयोग मांडला होता. वाचकांपर्यंत पोहोचला तो अर्थ वेगळाच होता. मीठ हे या पदार्थांतले तोंडीलावणे नाही, ते त्यांचा कणा आहे, हे उत्पादकानेच कबूल केले होते.

असे का होते, याचे उत्तर अंशतः जिभेत आहे आणि अंशतः कारखान्यात. मिठाचे काम केवळ खारटपणा आणण्याचे नसते. त्यातील सोडियम कडवटपणा दाबते आणि कडवटपणा दबला की त्याच पदार्थातील गोडवा व सुगंध वर येतो. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचॅम्प या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मधील निबंधात हे दाखवून दिले. पण कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पाणी पिळून काढणाऱ्या, पेरूच्या फोडीवर तिखट-मीठ भुरभुरणाऱ्या आणि पुरणात चिमूटभर मीठ टाकणाऱ्या गृहिणीला ते ठाऊकच होते. कारखान्यात तयार होणाऱ्या पदार्थाची गोष्ट याहून अवघड असते. मका किंवा गहू दळून, शिजवून, दाबून, पुन्हा भाजून, महिनोन् महिने टिकेल असा केला की त्याची मूळची चव जवळजवळ नाहीशी होते आणि उरतो तो भाजल्याचा कडसरपणा, खाण्याच्या सोड्याचा वास, साठवणीतल्या तेलाचा जुनाटपणा. मीठ आणि साखर हे सारे झाकतात. पावात तर मीठ यीस्टला आवर घालते, कणकेतील चिवटपणा वाढवते. इटलीतील तस्कनी प्रांतात परंपरेने मिठाविना पाव केला जातो. तो खारवलेल्या मांसाच्या कापांबरोबर खातात म्हणून चालतो.

शीतपेयांची तऱ्हा तर आणखी नमुनेदार आहे. कोलाच्या पेयातील आम्लता लिंबाच्या रसाच्या जवळपास जाणारी असते. साखर काढली तर ते आंबट ढोण होईल आणि कोणी दुसरा घोट घेणार नाही. साखर ही आम्लता झाकते आणि ही साखर पुन्हा झाकली जाते ती बर्फाच्या गारव्याने आणि फसफसण्याने. तेच पेय उघडे ठेवून कोमट झाल्यावर प्यायले की त्याचा चिकट गोडवा असह्य होतो. साखर मात्र तेवढीच असते. अशा पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत साखरेची दिवसाची मर्यादाच २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे.

येथे मराठी ताटाची रचना आठवावी. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत मीठ नसते किंवा नावापुरते असते. साध्या भातात नसते. पोळीत असले तर चिमूटभर. ज्यावर पोट भरायचे ते अन्न जवळपास अळणी आणि त्याला चव आणणारे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सारे ताटात डाव्या बाजूला, बोटाने घेता येईल एवढे. किती घ्यायचे ते खाणाऱ्याने ठरवायचे. पाककृतींच्या पुस्तकांतील 'चवीपुरते मीठ' या शब्दप्रयोगाचा अर्थही तोच आहे. पॅकबंद खाद्यपदार्थांनी ही रचना उलटी केली. पोटभरीच्या अन्नातच, म्हणजे पावात, नूडल्समध्ये, बिस्किटात, मीठ आधीच मिसळलेले येते आणि ते कमी करण्याची सोय खाणाऱ्याच्या हातात उरत नाही. झटपट नूडल्सच्या एका छोट्या पाकिटात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची, म्हणजे सपाट एक चमचा. शाळेतून आलेल्या मुलाने चार वाजता खाल्लेल्या त्या वाटीभर नूडल्सचे मीठ त्याच्या जेवणाच्या हिशेबात कोणत्याही घरात धरले जात नाही.

ही चव कोण ठरवते? हॉवर्ड मॉस्कोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ग्राहकांना एकाच पदार्थाचे कमी-अधिक गोडीचे अनेक नमुने चाखायला देऊन, ज्या प्रमाणाला पसंती सर्वाधिक मिळते तो बिंदू गणिताने शोधून काढण्याचे तंत्र रूढ केले. त्याखाली गेले की पदार्थ मिळमिळीत वाटतो, वर गेले की किळस येते. मॉस्कोविट्झ यांनी या बिंदूला परमानंदाचा बिंदू म्हटले आणि खाद्य उद्योगाने तो शिरोधार्य मानला. यात कट-कारस्थान असे काही नाही. स्पर्धेतला प्रत्येक उत्पादक हेच करतो. पण ही पसंती घोटभर किंवा घासभर नमुन्यावर मोजलेली असते. घासाला जे हवेसे वाटते ते रोज, वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर काय होते, हे मोजणे त्या प्रयोगशाळेच्या कामात बसत नाही.

ते मोजण्याचे काम दुसऱ्यांवर येऊन पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अंदाजानुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी निगडित आहे. या साऱ्याचे खापर पॅकबंद पदार्थांवर फोडणे अन्यायाचे होईल. बैठे काम, कमी झोप, पॉलिश केलेला तांदूळ आणि सढळ हाताने ओतलेले तेल यांचाही वाटा त्यात आहे. पण यांतले मीठ आणि साखर यांच्याबाबतीत एक गोष्ट सुदैवाची आहे. जिभेची सवय बदलता येते आणि त्याचा पुरावा आहे.

तो पुरावा जुना आहे. ब्यूचॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवले होते. सुरुवातीला अर्थातच त्यांना अन्न बेचव वाटले. पण दोन-तीन महिन्यांत त्यांना आवडणारे सूप आणि बिस्किट पूर्वीपेक्षा कमी खारट झाले. पूर्वीचे त्यांना अती वाटू लागले. रक्तदाबामुळे मीठ कमी केलेल्या कोणत्याही कुटुंबाला हे सांगण्याची गरज नाही. पहिले काही आठवडे घरातील सगळेच जण आमटीला नाके मुरडतात आणि सहा महिन्यांनी लग्नाच्या पंगतीतली भाजी त्यांनाच खारट लागते.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. जीभ मीठ सोडायला जशी शिकते, तशी ती धरायलाही शिकते आणि हे शिक्षण पाळण्यातच सुरू होते. गोडाची ओढ जन्मजात असते. मिठाची आवड मात्र चार ते सहा महिन्यांच्या आसपास दिसू लागते आणि ज्या बाळांना पाव-बिस्किटांसारखे मीठ असलेले पिठूळ पदार्थ लवकर दिले गेले, त्यांच्यात ती अधिक आढळते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. साखरेबाबतचा पुरावा तर इतिहासानेच तयार करून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखरेवर असलेले नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे जवळपास दुप्पट झाले. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत नियंत्रणाचा काळ अनुभवलेल्या पिढीत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे 'सायन्स'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्या पिढीने पुढे आयुष्यभर हवी तेवढी साखर खाल्लीच होती. फरक होता तो पहिल्या हजार दिवसांचा.

म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने नेस्लेच्या बालआहाराविषयी जे उघड केले, त्याचे महत्त्व बातमीपुरते नव्हते. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वेळच्या वाढपात सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच उत्पादनात ती नव्हती. आपण भारतातील सर्व नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीचे उत्तर होते. त्यातले पहिले वाक्य बरोबरच होते आणि तेच खरे दुखणे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने साखर न घातलेले प्रकार भारतीय बाजारात आणण्याची घोषणा केली. म्हणजे साखरेविना ते बनवता येत होते आणि बाळे ते खातही होती. प्रश्न कोणत्या देशातल्या बाळांच्या जिभेला कोणती सवय लावायची एवढाच होता.

एप्रिल २०२४ मध्येच केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी सर्व पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढून टाकायला सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात अशी संज्ञाच नाही. मुळात कोको अत्यंत कडू. तो मुलांच्या गळी उतरायचा तर साखर हवीच आणि ती काही पुडींत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असते. मराठी घरांतून दोन पिढ्या मुलांना 'ताकद येते' म्हणून दुधात जे कालवून दिले गेले, त्यात सर्वाधिक वाटा कशाचा होता हे डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले होते. पुढच्या बाजूला धावणारी मुले होती.

जीभ बदलता येते हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न असा, की कोट्यवधी जिभा एकदम कशा बदलायच्या? ब्रिटनने याचे उत्तर पावात शोधले. तेथील अन्न मानक यंत्रणेने २००३ पासून उत्पादकांशी बोलणी करून ऐंशीहून अधिक पदार्थगटांसाठी मिठाची उद्दिष्टे ठरवली आणि ती टप्प्याटप्प्याने खाली आणली. पावातील मीठ २००१ मध्ये १०० ग्रॅममागे सरासरी १.२३ ग्रॅम होते, ते २०११ मध्ये ०.९८ ग्रॅम झाले. दहा वर्षांत पाचवा हिस्सा मीठ गेले आणि गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही, कारण सगळ्याच पावांतले मीठ हळूहळू आणि एकत्रच कमी होत होते. याच सुमारास तेथील माणशी मिठाचे रोजचे प्रमाण ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. मग सरकार बदलले, यंत्रणेकडून हे काम काढून घेण्यात आले, उद्योगांच्या स्वयंशिस्तीवर भरवसा ठेवण्यात आला आणि २०१८-१९ च्या मोजणीत आकडा ८.४ ग्रॅमवर चढलेला दिसला. स्वयंशिस्तीचे काय होते, याचा हा नमुना.

साखरेच्या बाबतीत ब्रिटनने आडवळण घेतले नाही. एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसवला. १०० मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमच्या आत साखर असेल तर कर नाही. बहुतेक कंपन्यांनी कर भरण्याऐवजी साखर कमी करणे पसंत केले. गंमत स्कॉटलंडमध्ये झाली. तेथील लाडके नारिंगी पेय 'आयर्न ब्रू' याची साखर १०.३ ग्रॅमवरून ४.७ ग्रॅमवर येणार म्हटल्यावर लोकांनी जुन्या बाटल्या साठवून ठेवल्या, स्वाक्षऱ्यांची निवेदने काढली. पाव मुकाट्याने खाल्ला गेला आणि या पेयाने मात्र दंगा झाला, यातला फरक विचार करण्याजोगा आहे. पावातला बदल कणाकणाने झाला होता. पेयातला एका रात्रीत आणि वाजतगाजत. दक्षिण आफ्रिकेने तर २०१६ पासून पाव, वेफर्स, सूपच्या पुड्या यांतील मिठाला कायद्यानेच वरची मर्यादा घातली.

भारताने काय केले, हे सांगताना तारखांचीच यादी द्यावी लागते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०१८ मध्ये एक मसुदा काढला होता. त्यात साखर, मीठ वा स्निग्ध पदार्थ प्रमाणाबाहेर असल्यास पाकिटाच्या दर्शनी बाजूवर लाल रंगाची खूण करण्याची तरतूद होती. उद्योगांचा विरोध झाला, समिती नेमली गेली, मसुदा मागे पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसरा मसुदा आला, तो लाल खुणेचा नव्हता. अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतच्या मानांकनाचा होता. फ्रिज किंवा वातानुकूलन यंत्रावर असतात तसेच हे तारे. यात गोम अशी, की पदार्थातील साखर-मिठाचे गुण वजा होत असताना तंतू, प्रथिने, सुका मेवा यांचे गुण अधिक होतात. भरपूर साखरेच्या बिस्किटात थोडा कोंडा आणि चार बदामांचे तुकडे टाकले की तारे वाढू शकतात. शिवाय तारा हे मुळात कौतुकाचे चिन्ह. एक तारा मिळालेला पदार्थही काहीतरी मिळवून आलेला दिसतो. या मसुद्यावर १४ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले. जुलैमध्ये आणखी तीन महिन्यांची मुदत मागण्यात आली, ती मिळाली. पहिल्या मसुद्याला सात वर्षे उलटून गेली आणि २०२५ संपले तरी दर्शनी खुणेचा नियम लागू झालेला नव्हता.

याच काळात चिलीसारख्या छोट्या देशाने काय केले ते पाहावे. जून २०१६ पासून तेथे साखर, मीठ, उष्मांक वा संपृक्त स्निग्धांश मर्यादेबाहेर असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो. मर्यादा ओलांडणारे तीन घटक असतील तर तीन अष्टकोन. त्यावर गणित नाही, गुणांकन नाही. वाचता न येणाऱ्यालाही तो समजतो. अशा पाकिटांवर मुलांना भुलवणारी व्यंगचित्रे छापता येत नाहीत, त्यामुळे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा प्रसिद्ध वाघ तेथून हद्दपार झाला. पहिल्या दीड वर्षात अशा खुणेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. परिणाम ग्राहकांवर झालाच, पण अष्टकोन टाळण्यासाठी उत्पादकांनी स्वतःहून पाककृती बदलल्या, हे त्याहून मोलाचे. खुणेचा खरा वाचक बहुधा कारखान्यात बसलेला असतो.

आपल्याकडे मात्र एका हाताने फलक लावायचे आणि दुसऱ्या हाताने भाव उतरवायचे, असा कारभार दिसला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये शाळांना 'साखरफलक' लावायला सांगितले. त्याआधी जानेवारीतील आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर अधिक कर लावावा असे सुचवले होते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत बिस्किटे, चॉकलेट, कॉर्नफ्लेक्स, नमकीन, सॉस, झटपट नूडल्स हे सारे १२ किंवा १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या टप्प्यात आले. साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवला गेला, तोही आधीच्या कर आणि उपकराच्या बेरजेइतकाच. मध्यमवर्गाच्या महिन्याच्या यादीला दिलासा मिळाला हे खरे आणि त्या दिलाशाची गरजही होती. पण आरोग्य मंत्रालयाचा फलक आणि अर्थ मंत्रालयाचा दर एकमेकांना भेटलेले दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने फळांच्या चवीच्या गोड पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास मनाई केली, हे मात्र चांगले झाले. मीठ आणि साखर पाण्यात मोजून घातली तर अतिसाराने गळालेले मूल वाचते; एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ हे त्यातले मुख्य प्रमाण. त्याच नावाने भलतीच साखर घातलेले पेय आजारी मुलाच्या हाती देणे याला केवळ दिशाभूल म्हणणे सौम्यच ठरेल आणि ते बंद व्हायला हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेला वर्षानुवर्षे एकटीने झगडावे लागले.

उद्योगांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. भारतीयांच्या पोटात जाणारे बहुतांश मीठ अजूनही घरच्या स्वयंपाकातून जाते, पाकिटातून नव्हे. देशव्यापी पाहणीनुसार भारतीय प्रौढ रोज सरासरी आठ ग्रॅम मीठ खातो. पुरुष ८.९ ग्रॅम, स्त्रिया ७.१ ग्रॅम. पाकिटावर कितीही अष्टकोन छापले तरी आमटीतले आणि लोणच्या-पापडातले मीठ त्याने कमी होणार नाही. ताटाची रचना शहाणपणाची होती, पण त्या ताटातली भाकरी कमी झाली आणि डावी बाजू मात्र वाढत गेली, हेही नाकारता येणार नाही. यावर एक उपाय चीनमध्ये तपासला गेला. तेथील ६०० खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगात अर्ध्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची शिफारस केली. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांना, गर्भवतींना आणि मुलांना त्यातून वगळले. चव जवळपास तीच राहते, हा त्याचा गुण. महाग आहे, हा दोष. साधे आयोडीनयुक्त मीठ गरिबातल्या गरिबाला परवडते आणि हे नवे मीठ मॉलच्या वरच्या फळीवर असते. सवलतीची खरी गरज कोठे आहे, हे येथे दिसते.

मात्र आज घरच्या मिठाचा वाटा मोठा आहे म्हणून उद्याही तो तसाच राहील, असे मुंबई-पुण्यातील कोणत्याही निवासी संकुलाच्या दारातील वितरकांची ये-जा पाहून म्हणवत नाही. आणि साखरेबाबत तर तो युक्तिवाद आजच लागू पडत नाही. देशात विकल्या जाणाऱ्या साखरेत घरगुती ग्राहकापेक्षा शीतपेये, बिस्किटे, मिठाई आणि आइस्क्रीम यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात या विषयावर राजकीय पक्ष सहसा मौन पाळतात, ते का हे सांगायला नको. ऊस, कारखाने, सहकार आणि निवडणुका यांची येथे एकच मोळी बांधलेली आहे. साखरेचा खप कमी व्हावा असे जाहीरपणे म्हणणारा आमदार पश्चिम महाराष्ट्रातून निवडून येणे कठीण. इथेनॉलकडे वळणारा ऊस हा या कोंडीतला एक मार्ग असू शकतो, पण तो पाणी आणि धान्याच्या नव्या वादात शिरतो आणि त्याची चर्चा वेगळी करावी लागेल.

तूर्त ग्राहकाच्या हाती आहे ती पाकिटाची मागची बाजू. तेथे मीठ 'सोडियम' या नावाने आणि मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, हा हिशेब ज्याने त्याने दुकानात उभे राहून करायचा. आकडे बहुतेकदा १०० ग्रॅमचे किंवा 'एका वाढपा'चे असतात आणि कंपनीचे वाढप दोन बिस्किटांचे असले तरी पुडा संपेपर्यंत हात थांबत नाही. साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापावेत, असा प्रस्ताव प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मंजूर केला होता. तोही हरकती-सूचनांसाठी खुला करण्यात आला. सदस्य देशांनी मिठाचे सेवन ३० टक्क्यांनी कमी करावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ठरवले होते आणि भारताने ते मान्य केले होते. त्याची मुदत होती २०२५.